आकड्यांची लाट आणि घरातले मौन

१८ मे २०२५ रोजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांच्या कार्यालयाने एक निवेदन प्रसिद्ध केले. बायडेन यांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला असून तो हाडांपर्यंत पोहोचला आहे, असे त्यात म्हटले होते. त्या वेळी त्यांचे वय ८२ वर्षांचे होते. ज्या व्यक्तीच्या दिमतीला चार वर्षे उत्तमोत्तम वैद्यक उभे होते, तिचा रोग इतक्या उशिरा कसा उघडकीस आला, हा प्रश्न जगभर विचारला गेला. या ग्रंथीसंबंधीची त्यांची शेवटची ज्ञात रक्तचाचणी २०१४ सालची होती, ही माहितीही पाठोपाठ पुढे आली. अनेकांना तो हलगर्जीपणा वाटला. परंतु सत्तरीनंतर ही चाचणी नित्यनेमाने करू नये, अशीच अमेरिकेतील अधिकृत शिफारस आहे.

एका साध्या रक्तचाचणीविषयी एखाद्या प्रगत देशाला अशी शिफारस का करावी लागली असेल? या प्रश्नाचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांच्या आकडेवारीत दडलेले आहे. ती आकडेवारी भारतीय कुटुंबांनीही समजून घेण्याजोगी आहे. कारण हा रोग आता भारतीय शहरांतही ठळकपणे दिसू लागला आहे आणि त्याच्याविषयी निर्णय घेण्याची वेळ आज ना उद्या अनेक घरांवर येणार आहे.

संथ चालीचा रोग

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट. परिभाषेत तिला अष्ठीला वा पुरःस्थ ग्रंथी अशी नावे असली, तरी बोलताना सारे प्रोस्टेट हाच शब्द वापरतात. वय वाढते तशी ही ग्रंथी बहुतेक पुरुषांत आकाराने वाढते. ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. ही साधी वाढ मूत्रमार्गालगतच्या भागात होते, म्हणून लघवीची धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते. कर्करोग मात्र बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून दूर उगवतो. त्यामुळे आरंभीच्या काळात तो कसलीही वर्दी देत नाही. ज्याला त्रास आहे त्याला कर्करोग असेलच असे नाही आणि ज्याला काहीच त्रास नाही तो निर्धास्त राहू शकेल असेही नाही. या रोगाबाबतच्या सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. अन्य कारणांनी निधन पावलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांचे अभ्यास झाले, तेव्हा ऐंशीच्या घरातील निम्म्याहून अधिक पुरुषांत या ग्रंथीत कर्कपेशी आढळल्या. त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे हा कर्करोग घेऊन जगणारे अनेक आणि त्याने मरणारे त्या मानाने थोडे. मात्र हे थोडे कोण, हे आधी ओळखणे अवघड असते. काही गाठी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात, तर काही अल्पकाळात हाडांपर्यंत मजल मारतात.

अमेरिकेत उसळलेली लाट

गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत अमेरिकेत या रोगाची नोंद हळूहळू वाढू लागली. वाढलेल्या ग्रंथीचा अडथळा दूर करण्यासाठी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या होत्या. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली जाई आणि तेथे अनपेक्षितपणे कर्कपेशी सापडत. रोग वाढला होता असे नव्हे, त्याच्याकडे पाहणारे डोळे वाढले होते.

खरी लाट आली ती पीएसए या प्रथिनाच्या रक्तचाचणीमुळे. प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे हे प्रथिन अल्प प्रमाणात रक्तात उतरते. कर्करोगात त्याचे प्रमाण वाढते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये या चाचणीस मान्यता दिली ती रोगनिदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. पण पाहता पाहता निरोगी पुरुषांची तपासणी तिनेच होऊ लागली. निदानास साहाय्यक म्हणून तिला अधिकृत मान्यता मिळाली १९९४ मध्ये. त्यापूर्वीच, १९९२ मध्ये, अमेरिकेतील नव्या रुग्णांचे प्रमाण शिखरावर पोहोचले होते. १९८६ च्या तुलनेत ते सुमारे दुप्पट झाले होते. सहा वर्षांत एखादा कर्करोग निसर्गतः दुप्पट होत नाही. पुढील अनेक वर्षांत आपसूक उघडकीस आला असता तो रोग, आणि कदाचित कधीच आला नसता तोही रोग, चाचणीने एकदम पृष्ठभागावर आणला होता. साचलेले एकदा उपसले गेले आणि आलेख खाली येऊ लागला.

या उपशाची किंमत मोठी होती. पीएसए केवळ कर्करोगातच वाढते असे नाही. ग्रंथीच्या साध्या वाढीने, जंतुसंसर्गानेही ते वाढते. युरोपातील मोठ्या अभ्यासात ज्यांची चाचणी वाढीव आली, त्यांतील सुमारे चारपैकी तिघांना पुढील तपासणीत कर्करोग आढळला नाही. ज्यांना आढळला, त्यांतील अनेकांवर तातडीने शस्त्रक्रिया वा किरणोपचार झाले. लघवीवरील ताबा जाणे, दांपत्यजीवनातील क्षमता गमावणे असे परिणाम हजारो पुरुषांनी भोगले आणि त्यांतील कित्येकांना त्या रोगाने कधीच अपाय केला नसता. १९७० मध्ये प्रोस्टेटमधील या प्रतिजनाचा शोध लावणारे रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच २०१० मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून आपल्या शोधाच्या या सरसकट वापरावर कठोर टीका केली.

लंबक दुसऱ्या टोकाला

२०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने कोणत्याही वयाच्या निरोगी पुरुषांची पीएसए तपासणी करू नये, अशी शिफारस केली. चाचण्यांचे प्रमाण घटले, नोंदीही घटल्या. काही काळ सर्वांना हायसे वाटले. पण आकड्यांनी पुन्हा वळण घेतले. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या अहवालांनुसार २०१४ पासून तेथे या कर्करोगाचे प्रमाण दरवर्षी सुमारे ३ टक्क्यांनी वाढते आहे आणि अधिक चिंतेची बाब अशी की, त्यांतही दूरवर पसरलेल्या अवस्थेतील रोगाची वाढ अधिक वेगवान आहे. १९९३ पासून दोन दशके घसरत जाऊन निम्म्यावर आलेल्या मृत्युदराची घसरणही मंदावली. २०१८ मध्ये कृतिदलाने आपली भूमिका बदलली. ५५ ते ६९ या वयातील पुरुषांनी लाभ व हानी समजून घेऊन वैद्यांशी विचारविनिमयाने स्वतः निर्णय घ्यावा आणि सत्तरीनंतर सरसकट चाचणी टाळावी, ही आजची शिफारस त्यातून आली.

आधी सगळ्यांना तपासले, मग कोणालाच तपासू नये म्हटले. दोन्ही वेळा चूक झाली ती सरसकटपणाची.

दीर्घ प्रयोगांचा कौल

मतमतांतरांच्या पलीकडे जाऊन पाहायचे तर युरोपातील अभ्यासाकडे वळावे लागते. ५५ ते ६९ वयोगटातील १ लाख ६० हजारांहून अधिक पुरुषांवर तो आधारलेला आहे. २००९ मध्ये त्याचा पहिला मोठा निष्कर्ष आला तेव्हा एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० पुरुष तपासावे लागत होते आणि ४८ जास्तीच्या पुरुषांवर रोगाचा शिक्का बसत होता. टीकाकारांना हा सौदा महाग वाटला. परंतु संथ रोगाचा हिशेबही संथपणेच पूर्ण होतो. २३ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले. तपासणीच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. निमंत्रित केलेल्या ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला होता आणि त्यासाठी १२ जास्तीच्या पुरुषांत रोगनिदान झाले होते. लाभ आहे, तो मर्यादित आहे आणि उशिरा पदरात पडणारा आहे. म्हणूनच ज्याच्यापुढे अजून पंधरा-वीस वर्षांचे आयुष्य आहे त्याच्यासाठी तो अर्थपूर्ण ठरतो, ऐंशीच्या उंबरठ्यावरील व्यक्तीसाठी बहुधा नाही.

ब्रिटनमधील दुसरा अभ्यासही तितकाच बोलका आहे. रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट करण्यात आले. एकावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार, तर तिसऱ्यावर केवळ देखरेख. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिन्ही गटांतील सुमारे ९७ टक्के पुरुष या कर्करोगाच्या मृत्यूपासून बचावले होते. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण इतर दोहोंच्या जवळपास दुप्पट होते, ही दुसरी बाजूही नजरेआड करता येणार नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद झाली. निदान झाले म्हणजे दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपले पाहिजे, असे नाही. सौम्य स्वरूपाच्या रोगात ठरावीक काळाने तपासण्या करीत थांबणे हाही एक शास्त्रशुद्ध उपचार आहे. त्यातच आता वाढीव पीएसए आल्यावर आधी एमआरआय करून संशयास्पद भाग दिसला तरच तुकडा काढण्याची पद्धत रूढ होत आहे. स्वीडनमधील गोटेबोर्ग येथील अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवून दिले की, असे केल्याने निरुपद्रवी रोगाची निदाने निम्म्याने घटतात. थोडक्यात, चाचणीमुळे होणारी हानी पूर्वीपेक्षा आता कमी करता येते. जुने वाद जुन्याच आकड्यांवर लढणे म्हणूनच योग्य नव्हे.

मुंबई ते बार्शी

भारताचे चित्र पाहायचे तर ते नोंदवह्यांत पाहावे लागते आणि येथे महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा वारसा आहे. देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली, डॉ. जस्सावाला यांची दूरदृष्टी त्यामागे होती. देशातील पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली ती सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत. बार्शी, भूम, परांडा या तालुक्यांतील गावोगाव फिरून रुग्ण शोधण्याचे आणि नोंदवण्याचे काम तेथील कार्यकर्त्यांनी केले.

या नोंदवह्या काय सांगतात? दिल्ली, कोलकाता, पुणे, तिरुवनंतपुरम यांसारख्या शहरांत प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषांतील कर्करोगांत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचल्याचे या शतकाच्या दुसऱ्या दशकातील अभ्यासांत दिसून आले. मुंबई, बंगळुरू, चेन्नई येथेही कल चढता आहे. बार्शीच्या ग्रामीण भागात मात्र हे प्रमाण महानगरांच्या तुलनेत कितीतरी कमी नोंदले गेले. यातला किती भाग प्रत्यक्ष रोगाच्या अभावाचा आणि किती भाग तपासणीच्या अभावाचा, हे केवळ आकड्यांवरून सांगता येत नाही. नोंदणीची व्याप्ती देशाच्या लोकसंख्येतील थोड्याच भागापुरती आहे, हेही विसरून चालणार नाही.

भारतातील वाढ मात्र केवळ चाचणीची किमया नाही. १९५०च्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान पस्तिशीच्याही आत होते. आज ते सत्तरीला टेकले आहे. वार्धक्याचा रोग वार्धक्य आल्याशिवाय दिसत नाही. शिवाय अमेरिका आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या पुरुषांत या रोगाची नोंद मायदेशापेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळते. तेथील तपासणीचे प्रमाण हे त्याचे एक कारण आहेच. बदललेला आहार आणि राहणी यांचाही वाटा असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना लागू पडणारी ही गोष्ट उद्या पुण्या-मुंबईलाही लागू पडू शकेल. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये वर्तवलेल्या अंदाजानुसार जगातील नव्या रुग्णांची संख्या २०२० मधील १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल आणि ही वाढ मुख्यतः अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होईल.

खरी अस्वस्थ करणारी आकडेवारी पुढची आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या रोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण आढळले आणि १८ हजारांहून अधिक मृत्यू झाले. म्हणजे दर दोन नव्या रुग्णांमागे जवळपास एक मृत्यू. अमेरिकेत २०२४ साठीचा अंदाज होता सुमारे २ लाख ९९ हजार नवे रुग्ण आणि ३५ हजार मृत्यू. म्हणजे आठ-नऊ रुग्णांमागे एक. अमेरिकेच्या आकड्यात निरुपद्रवी निदानांची भर आहे, ती वजा केली तरी दरी बुजत नाही. तिचे कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२१ मधील अहवालात सापडते. देशातील रुग्णालयांतील २०१२ ते २०१९ या काळातील नोंदींनुसार प्रोस्टेट कर्करोगाचे सुमारे ४३ टक्के रुग्ण प्रथम आले तेव्हाच रोग शरीरात दूरवर पसरलेला होता.

अमेरिकेचा दोष नको तितके शोधण्याचा होता. आपला दोष उशिरा शोधण्याचा आहे.

संकोचाची किंमत

हा उशीर केवळ रुग्णालये दूर असल्याने होत नाही. तो घरात होतो. बाबांना रात्री चार वेळा उठावे लागते, हे आईला ठाऊक असते; पण त्यावर बोलायचे कोणी? मुलगा विचारत नाही, सून विचारू शकत नाही आणि स्वतः ते ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून विषय संपवतात. लघवीची तक्रार डॉक्टरांना सांगतानाही घरचे बाहेर थांबावेत असे वाटते. गुदमार्गातून बोटाने करावयाच्या तपासणीचे नाव काढताच अनेक जण पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत. पुढे कधीतरी कंबर दुखू लागते. तेल, शेक, पट्टा, वेदनाशामक गोळ्या यांत महिने जातात. एके दिवशी पायांतील शक्ती जाते आणि मग कळते की, मणक्यांत रोग पसरला आहे. हा क्रम कर्करोगाच्या वैद्यांना पाठ झालेला आहे.

त्या टप्प्यावरही सारे संपत नाही. पुरुषी संप्रेरक रोखले की हा रोग माघार घेतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्या तत्त्वावरील उपचारांनी आज अनेक रुग्ण वर्षानुवर्षे बऱ्यापैकी जीवन जगतात. पण नियंत्रण वेगळे आणि रोगमुक्ती वेगळी. रोग ग्रंथीपुरता असताना जी संधी असते, ती हाडांत गेल्यावर राहत नाही.

शिबिरापेक्षा सोबत हवी

मग उपाय काय? उत्साहाच्या भरात गावोगाव पीएसएची शिबिरे भरवणे, हा मार्ग नव्हे. सेवाभावी संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनी याचा विशेष विचार करावयास हवा. शिबिरात रक्त घेणे सोपे असते. अहवालात आकडा वाढीव आल्यावर त्या माणसाला समजावणे, त्याची पुढील तपासणी करवणे, गरज नसेल तर त्याला शस्त्रक्रियेपासून रोखणे हे कठीण असते. जेथे ही सोबत देता येणार नाही, तेथे चाचणी करणे म्हणजे एका कुटुंबाला चिंतेच्या तोंडी देऊन निघून येणे होय. अनेक खासगी प्रयोगशाळा सवलतीच्या संपूर्ण तपासणीत पीएसए न विचारता जोडतात, त्यालाही हेच लागू आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीने २०२५ च्या नोव्हेंबरात मांडलेल्या मसुद्यातही सर्व पुरुषांची सरसकट तपासणी नाकारून विशिष्ट आनुवंशिक दोष असलेल्यांपुरतीच ती सुचवली होती.

कुटुंबांनी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. पन्नाशी-पंचावन्न ओलांडलेल्या आणि प्रकृती ठीक असलेल्या पुरुषाने एकदा आपल्या डॉक्टरांशी या विषयावर शांतपणे बोलावे आणि चाचणी करायची की नाही हे समजून उमजून ठरवावे. वडील वा भाऊ यांना हा रोग झाला असेल, तर ही चर्चा पंचेचाळिशीतच करावी. मातृकुळाचा इतिहासही विचारावा. घरातील स्त्रियांना तरुण वयात स्तनाचा वा बीजकोशाचा कर्करोग झाला असल्यास त्यामागील आनुवंशिक दोष पुरुषांत प्रोस्टेटचा धोका वाढवू शकतो. एकच वाढीव अहवाल पाहून घाबरू नये. चाचणी पुन्हा करावी, संसर्ग आहे का ते पाहावे, एमआरआयनंतरच पुढचे पाऊल टाकावे. प्रोस्टेटसाठी चालू असलेल्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी, कारण त्यांतील काही गोळ्यांनी पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो. आणि उतारवयातील पुरुषाच्या लघवीतून रक्त गेले, धार अडू लागली, किंवा कंबरदुखी आठवड्यांमागून आठवडे हटेनाशी झाली, तर तेथे वयाचे कारण पुढे करू नये. अशा वेळी होते ती तपासणी रोगनिदानासाठीची असते. सत्तरीची मर्यादा तिला लागू नाही.

शासनाकडूनही अपेक्षा आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीवर भर आहे. रुग्णसंख्या पाहता तो योग्यच आहे. त्यात प्रोस्टेटची सरसकट भर घालण्याचे कारण नाही. परंतु तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाची बोटाने तपासणी, पीएसए आणि पुढील तज्ज्ञाकडे रवानगी एवढे तरी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात विनाविलंब झाले पाहिजे. बार्शीसारख्या नोंदण्या आणखी अनेक तालुक्यांत उभ्या राहिल्या पाहिजेत; जे मोजले जात नाही त्याचे नियोजनही होत नाही.

शासनाचे काम शासन करील, न करील. घरातले काम मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहत नाही. आईच्या गुडघेदुखीची, आजीच्या मोतीबिंदूची चौकशी आपल्या घरांत मोकळेपणाने होते. त्याच मोकळेपणाने घरातील वडीलधाऱ्या पुरुषाला ‘रात्री किती वेळा उठता? लघवीला त्रास होतो का?’ एवढे विचारले आणि त्यांच्यासोबत दवाखान्यापर्यंत कोणी गेले, तरी त्या ४३ टक्क्यांतील काही जण वेळेत पोहोचतील.